सासूचा वात, सुनेचा वात

परभणीला शिक्षकांच्या एका कार्यशाळेत पेशी या विषयावर बोलायला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत गंगाखेड तालुक्यातले एक शिक्षक डबा घेऊन शेजारी येऊन बसले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून मग म्हणाले, "मॅडम, आईला वात आहे, बायकोलाही वात आहे. दोघींना गोळ्या एकच. आई अडुसष्ट वर्षांची, पण पहाटे उठून सडा-सारवण करती. बायको छत्तीसची, अन् नऊ वाजेपर्यंत तिला पाण्याचा तांब्या धरता येत नाही. दुपारनंतर मात्र कामाला लागती. घरातले म्हणायलेत, ही ढोंग करायलीय. खरं काय समजायचं?"

मी विचारले, "आईंचं कधी दुखतं?"

"संध्याकाळी. शेतातून आली की गुडघे धरून बसती."

मी संशोधन करते. रोगी तपासणारी डॉक्टर नाही. तरीही या दोन वाक्यांत त्यांनी प्रश्नाचे निम्मे उत्तर स्वतःच दिले होते. सासूची वेदना दिवस चढत जाईल तशी वाढते, सुनेची दिवस चढत जाईल तशी उतरते. एकाच घरातली ही दोन घड्याळे उलटी चालत होती. दोन्ही आजार एकच असते तर असे झाले नसते.

घोटाळ्याचे मूळ आपल्या भाषेत आहे. गुडघा दुखला, वात. बोटे आखडली, वात. पाठ धरली, तोही वात. दोष जुन्या वैद्यकाला देता येत नाही, कारण आयुर्वेदाने सांध्यांच्या आजारांत भेद केलेला आहे. माधवनिदान या रोगनिदानाच्या प्रसिद्ध ग्रंथात आमवाताचे वेगळे प्रकरणच आहे, आणि संधिगत वात हा निराळा सांगितलेला आहे. भेद विसरलो ते आपण, बोली बोलणारे. या लेखापुरते मी सासूच्या आजाराला 'झिजेचा संधिवात' म्हणते (इंग्रजीतला ऑस्टिओआर्थ्रायटिस) आणि सुनेच्या आजाराला 'आमवात' (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस). यांतला 'झीज' हा शब्दही पूर्ण बरोबर नाही. त्याकडे पुढे येऊच.

आधी निरोगी सांधा पाहू या. खाटकाकडून बकऱ्याच्या गुडघ्याचा सांधा आणून वर्गात दाखवता आला तर फारच उत्तम. हाडाच्या टोकावर निळसर पांढरे, गुळगुळीत, ओलसर असे आवरण दिसते. ती कूर्चा (कास्थी). तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. काचेसारखी ती निसटते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिच्या पेशींना अन्न कोठून मिळते? पाण्यात बुडवलेला स्पंज दाबून सोडला की तो पाणी शोषून घेतो. चालताना कूर्चा अशीच दाबली जाते आणि सुटते, आणि सांध्यातल्या द्रवातून पोषण आत ओढले जाते. हा द्रव तयार करते सांध्याच्या पिशवीचे आतले अस्तर. निरोगी माणसात या अस्तराचा पृष्ठभाग जेमतेम एक ते तीन पेशींच्या थरांचा, म्हणजे अतिशय पातळ असतो. कूर्चा आणि अस्तर, हे दोन भाग ध्यानात ठेवावेत. सासूचा आजार मुख्यतः कूर्चेपासून उभा राहतो, सुनेचा अस्तरापासून.

सासूच्या गुडघ्यात कूर्चा पातळ होत गेली आहे, खालचे हाड जाड झाले आहे आणि कडेला हाडाचे कंगोरे फुटले आहेत. भार पडला की दुखते, बसले की थांबते. सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर सांधा थोडा आखडतो, पण चार पावले टाकली की मोकळा होतो. हे आखडणे सहसा अर्ध्या तासाच्या आत संपते. गुडघे, खुबे, अंगठ्याचे मूळ आणि बोटांचे नखांजवळचे सांधे ही या आजाराची आवडती ठिकाणे. आपल्या आजीच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर टणक गाठी पाहिल्या असतील. त्या याच्याच.

आता 'झीज' या शब्दाविषयी. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे टायर येतो: जितके चालवाल तितके झिजेल, म्हणून चालवूच नका. पण टायर जिवंत नसतो, कूर्चा असते. तिच्या पेशी जुना माल मोडत असतात आणि नवा घडवत असतात. आजारात मोडणे घडवण्यापेक्षा वरचढ होते. त्यात वय, वजन, जुनी इजा, आनुवंशिकता या सगळ्यांचा हात असतो. सांध्याला हालचाल मिळाली नाही तर त्या स्पंजाचे पोषणच थांबते आणि मांडीचे स्नायू रोडावून गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. म्हणून 'गुडघे दुखतात, आता बसून राहा' हा प्रेमाने दिलेला सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. मांडीच्या स्नायूंचे साधे व्यायाम आणि थोडे वजन कमी करणे यांचा गुडघेदुखीत होणारा उपयोग अनेक चाचण्यांत दिसून आला आहे. आपल्याकडे मात्र व्यायामापेक्षा तेलाच्या बाटलीवर जास्त खर्च होतो.

सुनेकडे वळू या. तिच्या शरीरात घडते ते फार चमत्कारिक आहे. आपली प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढते, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. लढण्यासाठी आपले कोण आणि परके कोण हे तिला ओळखावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने असे मत मांडले होते की, शरीर स्वतःवरच विष सोडणे टाळते, निसर्गाला त्याची जणू दहशतच असते. मत मोठ्या माणसाचे होते, त्यामुळे ते बराच काळ टिकले. पुढे कळले की ही ओळख चुकू शकते. आमवातात ती चुकते. प्रतिकारपेशी सांध्याच्या अस्तरात घुसतात, तेथे दाह पेटतो, एक-दोन थरांचे ते अस्तर सुजून जाड होते आणि पसरत जाऊन कूर्चा व हाडाच्या कडा कुरतडू लागते. येथे झिजणे नाही, कुरतडणे आहे. पावसाने माती वाहून जाणे आणि उंदराने पोते कुरतडणे यांत जो फरक, तोच या दोन आजारांत. पहिल्यासाठी बांध घालतात, दुसऱ्यासाठी उंदराचा बंदोबस्त करावा लागतो.

आता तिच्या सकाळीचा उलगडा होतो. दाह पेटता ठेवणारी काही प्रथिने रात्रीच्या उत्तरार्धात रक्तात वाढतात. दाहाला आवर घालणारे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटे चढू लागते. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. आमवातात मात्र पहाटे दाह जोरात असतो आणि त्याला आवरणारे बळ अपुरे पडते. त्यातच रात्रभर हालचाल नसल्याने सुजलेल्या भागात द्रव साठून राहतो. म्हणून हात तासभर, कधी तीन-चार तास उघडत-मिटत नाहीत. दुपारपर्यंत कॉर्टिसॉल काम करते, हालचालीने द्रव सरकतो, आणि बाई कामाला लागते. घरातल्यांना वाटते, सकाळची कामे टळली म्हणून ही बरी झाली! पहाटेचे ते आखडणे तिच्या रक्तात मोजता येण्यासारखे असते. छत्तीस वर्षांच्या बाईला त्यावरून ढोंगी ठरवणे हा आजाराच्या जोडीने होणारा दुसरा छळ.

आणखीही खुणा आहेत. आमवातात बहुधा मनगटे, मुठीवरची टेंगळे (बोटांची मुळे) आणि बोटांचे मधले सांधे धरले जातात. नखांजवळचे सांधे बहुधा सुटतात. पायांच्या बोटांची मुळेही धरली जातात. बऱ्याचदा दोन्ही हातांत सारखेच होते. सूज दाबली तर टणक लागत नाही, कणकेसारखी मऊ लागते. मुठीवरची चारही टेंगळे दोन बाजूंनी हलके दाबली तर कळ येते. हस्तांदोलन नकोसे वाटते ते त्यामुळेच. शिवाय थकवा असतो, अधूनमधून कणकण असते, रक्त कमी होते, वजन घटते. कारण आजार सगळ्या शरीराचा आहे, सांध्यांत तो फक्त जास्त दिसतो. डोळे आणि फुप्फुसे यांनाही तो शिवू शकतो. स्त्रियांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि सुरुवात पुष्कळदा तीस ते पन्नास या वयात होते. म्हणजे ज्या वयात आपण 'अजून कुठे वय झालंय' म्हणून दुखणे झटकून टाकतो, नेमके त्याच वयात.

मुलांनाही सांध्यांचा असा स्वप्रतिकारजन्य आजार होतो. त्याची जात थोडी निराळी, पण सकाळचे आखडणे तेच. पहिल्या तासाला लंगडत येणारे आणि मधल्या सुट्टीनंतर पळणारे मूल वर्गात असेल, आणि हे काही आठवडे चालले असेल, तर त्याला 'प्रार्थनेला उशीर का' म्हणून उभे करण्याआधी त्याचे गुडघे आणि घोटे पाहावेत. सूज दिसली तर पालकांना बोलावावे.

हा आजार किती जणांना होतो? यासाठी आपल्याला दूर जायला नको. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने आखलेल्या एका कार्यपद्धतीप्रमाणे ती झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. त्यांतल्या शंभरांत सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे काही ना काही दुखणे होते. झिजेचा संधिवात शंभरांत सहाच्या जवळपास, आणि आमवात शंभरांत सुमारे अर्धा, म्हणजे दोनशे प्रौढांत एक.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की चूक का होते ते दिसते. एका आमवाताच्या रोग्यामागे झिजेचे दहा-बारा रोगी असतील, तर 'सांधा दुखतो ना, मग झीजच' असे म्हणणारा बहुतेक वेळा बरोबर ठरतो. जो चुकून त्याच रांगेत उभा असतो त्याचे नुकसान होते. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर होती. त्यांत अकरा-बारा लाख प्रौढ धरले आणि भिगवणचा आकडा लावला तर साडेपाच-सहा हजार माणसे निघतात. एका गावाचा आकडा दुसऱ्या जिल्ह्याला लावणे हा अंदाजच. पण तो खूप चुकला तरी उरणारी संख्या काही शेकड्यांत मावणारी नाही.

मग सरळ रक्त तपासून टाकू, असे कोणी म्हणेल. 'आरए फॅक्टर' नावाची तपासणी तालुक्याच्या गावीही होते, आणि कागदावर 'पॉझिटिव्ह' आले की घरात रडारड होते. येथे गणिताच्या शिक्षकांना थोडे काम देते. समजा, एक हजार प्रौढांची सरसकट तपासणी केली. त्यांत आमवाताचे रोगी पाच. तपासणी त्यांतल्या चौघांना पकडेल, कारण काही खऱ्या रोग्यांतही ती कोरीच येते. उरले ९९५ निरोगी. त्यांतल्या शंभरांत पाचांना ती उगाच 'पॉझिटिव्ह' दाखवते असे धरले, तर असे सुमारे पन्नास. म्हणजे एकूण चौपन्न 'पॉझिटिव्ह' आणि त्यांत खरे रोगी चार! क्षयरोग, कुष्ठरोग, काविळीचे काही प्रकार, किंवा नुसते वाढलेले वय, यांतही ही तपासणी फसवते. ती निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. सांधे सुजलेले असतील, सकाळी तासभर आखडत असेल, तर त्याच कागदाला वजन येते. अलीकडे सीसीपी प्रतिद्रव्यांची तपासणीही करतात. ती निरोगी माणसांत क्वचितच फसते. रक्ताचा ईएसआर आणि सीआरपी दाह किती आहे ते सांगतात, तो कशाचा ते सांगत नाहीत. आणि युरिक ॲसिड? ते वाढून होणारा गाऊट हा तिसराच आजार. तो बहुधा पुरुषांना आणि बहुधा पायाच्या अंगठ्यात अचानक होतो. सुनेचे युरिक ॲसिड तपासून तिची डाळ बंद करण्यात काही अर्थ नाही. दही, चिंच, वांगे बंद करण्यातही नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोंधळ आहे. २००६ साली येथे चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, आणि त्यानंतर कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले. तेव्हापासून तापानंतरचे कोणतेही सांधेदुखणे त्याच खात्यात टाकायची सवय लागली आहे. चिकुनगुनियाचे बहुतेक रोगी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. सूज तीन महिन्यांनंतरही हटली नाही तर खाते पुन्हा तपासायला हवे.

'थंडीचा आजार' ही समजूतही अशीच. परभणीची थंडी बोचरी असते आणि त्या दिवसांत दुखणे जास्त जाणवते हे बरेच रोगी सांगतात. पण आमवात मे महिन्याच्या रखरखीतही आपले कुरतडणे चालू ठेवतो. थंडी तो निर्माण करत नाही. मग कोण करते? काही जनुकांमुळे धोका वाढतो, पण एकसारख्या जुळ्यांत एकाला आमवात असला तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण शंभरांत पंधराच्या आसपासच असते, म्हणजे सगळे काही जनुकांत नाही. धूम्रपानाचा हात स्पष्ट दिसतो, हिरड्यांच्या जुनाट आजाराचाही संशय बळकट आहे. म्हणून 'तिच्या माहेरीच वात आहे' असे म्हणणाऱ्यांनी घरातल्या बिडीकडेही पाहावे.

एका समजुतीचा मला फार राग येतो, कारण ती विज्ञानाचे कपडे घालून फिरते: 'प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून झाले, ती वाढवणारे काहीतरी घ्या.' येथे प्रतिकारयंत्रणा कमी पडलेली नाही, ती स्वतःच्याच घरावर चालून गेली आहे. तिला भडकवणारे औषध खरोखर असते, तर ते देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

औषधांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. फिलिप हेंच यांच्या ध्यानात आले होते की आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली, किंवा बाई गरोदर राहिली, की सांधे पुष्कळदा तात्पुरते सुधारतात. म्हणजे आजार उलटवणारे काही तरी शरीरातच आहे. या धाग्यावरून सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी कॉर्टिसोन हे संप्रेरक एका २९ वर्षांच्या स्त्रीला टोचले. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती: चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, जंतुसंसर्ग. आणि औषध बंद केले की आजार परत. आजही डॉक्टर स्टेरॉइड वापरतात, पण थोड्या मात्रेत, थोडे दिवस, मुख्य औषध काम करू लागेपर्यंत. बाजारात नाव-गाव नसलेल्या पुडीने 'तीन दिवसांत वात गायब' होतो तेव्हा त्या पुडीत बहुधा काय मिसळले असावे, हे आता ओळखता येईल. ती पुडी वर्षानुवर्षे घेऊन अचानक सोडणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे तोवर मंदावलेले असते.

मुख्य औषध आहे मेथोट्रेक्झेट. याच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करत. त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिडच्या चेहऱ्यामोहऱ्याची, पण त्याच्या उलट काम करणारी संयुगे तयार केली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ती १९४७-४८ च्या सुमारास वापरली गेली. १९५१ साली त्यांतले एक आमवातावरही करून पाहिले गेले, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनकडे लागलेले होते. मेथोट्रेक्झेटला आमवातासाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला १९८८ उजाडले. सदतीस वर्षे!

या औषधाविषयी दोन भीती आहेत. पहिली, 'हे कर्करोगाचे औषध आहे.' आहे खरे, पण आमवातात मात्रा कितीतरी लहान असते आणि त्या मात्रेत ते दाह शमवते. दुसरी भीती कोणाला वाटत नाही, पण वाटायला हवी: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतू शकते, आणि तसे घडलेलेही आहे. चिठ्ठी वाचून सांगणारे गावात पुष्कळदा शिक्षकच असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस ठरवून टाकला की विसर पडत नाही. सोबत डॉक्टर फॉलिक ॲसिडही देतात. अधूनमधून यकृत आणि रक्तपेशी तपासाव्या लागतात, दारू वर्ज्य, आणि गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवे असेल तर कित्येक महिने आधी डॉक्टरांशी बोलून ते थांबवावे लागते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तीन दिवसांत गुण देणारी पुडी आणि दोन महिने वाट पाहायला लावणारी गोळी यांच्या शर्यतीत आपल्याकडे पुडी जिंकते ती येथेच.

याहून नवी, दाहातल्या एकेका प्रथिनाला नेमके रोखणारी औषधेही आहेत. त्यांची सुरुवात लंडनमध्ये १९९२ च्या सुमारास फेल्डमन आणि मैनी यांनी केली. मैनी मूळचे लुधियान्याचे. ती महाग आहेत, आणि त्यांतल्या काहींनी शरीरात दडून बसलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून आपल्या देशात ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावीच लागते.

वेदनाशामक गोळी सासूलाही चालते, सुनेलाही चालते, म्हणून दोघींना एकच गोळी मिळाली होती. त्या गोळीने सुनेची कळ कमी झाली, कुरतडणे थांबले नाही. हाडाच्या कडा पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांतच खाल्ल्या जातात, आणि सुरुवातीचा एक्स-रे तर चक्क निर्दोष येऊ शकतो. एकदा खाल्लेली कड कोणतेही औषध परत आणत नाही. त्या शिक्षकांना मी विचारले, "हे किती दिवसांचं आहे?" ते म्हणाले, "पोळ्याला चौदा महिने झाले."

पुढे काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. नांदेडला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेले होते, आमवातच निघाला. आता सकाळचे आखडणे अर्ध्या-पाऊण तासावर आले आहे. उजव्या हाताचे एक बोट मात्र वाकडे झाले ते झालेच. आईंना मांडीचे व्यायाम दिले आहेत, ते त्या कधी करतात, कधी नाही. घरात कामांची अदलाबदल झाली आहे: सकाळच्या भाकरी आई थापतात, संध्याकाळच्या सून.